संघ मालकाचा, हुरहुर आपली

माझा एक भाचा आहे, नांदेडचा. त्याच्या कपाटात दोन जर्सी घडी घालून ठेवलेल्या आहेत. एक नारिंगी, दुसरी पिवळी. पहिली पुण्यात शिकायला असताना घेतलेली, दुसरी हैदराबादेत नोकरीला लागल्यावर. दोन्ही फुटबॉल संघांच्या, आणि ते दोन्ही संघ आज अस्तित्वात नाहीत. दिवाळीत बहिणीने कपाट आवरायला काढले आणि या जर्सी बोहारणीला द्यायच्या म्हणाली, तर हा चांगला तिशीला आलेला मुलगा लहान पोरासारखा रुसून बसला. “आई, त्या राहू दे,” एवढेच म्हणाला. बहीण माझ्याकडे बघून हसली. मला मात्र हसू आले नाही, कारण त्या घडीत काय आहे ते मला ठाऊक होते.

क्रिकेटवेड्या महाराष्ट्रात, त्यातही आपल्या मराठवाड्यात, फुटबॉलवर रविवारचे अर्धे पान खर्च करावे का, असे काही वाचकांना वाटेल. पण हा प्रश्न एका खेळापुरता राहिलेला नाही. ज्या संघासाठी आपण टाळ्या वाजवतो, ज्याच्या पराभवाने रात्रीचे जेवण गोड लागत नाही, तो संघ कुणाचा? त्याचे नाव आपल्या गावाचे असते आणि दाखला मालकाच्या खिशात असतो. मालकाला परवडेनासे झाले की तो दाखला दुसऱ्या गावाला जातो आणि आपल्या वाट्याला जर्सी उरते.

एका रविवारची गोष्ट

‘प्लेऑफ’ हा शब्द आता घराघरांत पोचला आहे. साखळीतले सगळे सामने संपले की गुणतक्त्यातले वरचे मोजके संघ बाद फेरीत जातात आणि त्यांच्यातून विजेता ठरतो. ही पद्धत कुणाला अन्यायाची वाटते. वर्षभर राबून पहिला आलेला संघ एका संध्याकाळी चौथ्याकडून हरू शकतो. पण चौथ्या क्रमांकावर धडपडणाऱ्या संघाच्या चाहत्याला विचारा. दहावीचा निकाल लागायच्या आदल्या रात्री घरात जे वातावरण असते, तेच प्लेऑफच्या उंबरठ्यावर असते.

इंडियन सुपर लीगमध्ये एफसी पुणे सिटी हा संघ २०१४ पासून खेळत होता. वाधवान समूहाची मालकी, सोबत चित्रपटसृष्टीतले वलयांकित चेहरे, बालेवाडीचे शिवछत्रपती क्रीडासंकुल हे घरचे मैदान. पहिल्याच वर्षी त्यांनी फ्रान्सचा डेव्हिड ट्रेझेगे आणला होता, १९९८ चा विश्वचषक जिंकणाऱ्या संघातला. नाव मोठे, पण यश काही केल्या येईना. तीन हंगाम कोरडे गेले. चौथ्या हंगामात, २०१७-१८ मध्ये, मार्सेलिन्यो आणि अल्फारो या दक्षिण अमेरिकन जोडीने गोलांचा पाऊस पाडला आणि १८ सामन्यांत ३० गुण मिळवून पुणे चौथे आले. पहिल्यांदाच उपांत्य फेरी!

७ मार्च २०१८ ला बालेवाडीत बंगळुरूविरुद्धचा पहिला सामना गोलशून्य बरोबरीत सुटला. भाचा स्टेडियममध्ये होता. परतीचा सामना ११ मार्चला, रविवारी, बंगळुरूला. त्या संध्याकाळी त्याने नांदेडला फोन करून सगळ्यांना टीव्हीसमोर बसवले. मेव्हण्यांनी आयुष्यात फुटबॉलचा पूर्ण सामना पाहिलेला नव्हता. ‘ऑफसाइड’ म्हणजे काय हे शेजारच्या इंजिनिअरिंगच्या पोराने त्यांना वाटी-चमचे मांडून समजावले. सुनील छेत्रीने पहिला गोल केला, मग पेनल्टीवर दुसरा. पुण्याने एक फेडला तेव्हा मेव्हणे खुर्चीतून उठून उभे राहिले. आणि अखेरच्या मिनिटांत छेत्रीने तिसरा मारला. ३-१. मेव्हणे न बोलता गच्चीवर गेले. त्यांचे पुण्याशी तसे नाते काय? पोरगा तिथे होता, एवढेच. संघ आपला होतो तो असा, एखाद्या माणसाच्या निमित्ताने.

“पुढच्या वर्षी बघा बाबा,” भाचा म्हणाला होता. पुढच्या हंगामात पुणे प्लेऑफपर्यंत पोचले नाही, आणि त्याच्या पुढच्या हंगामाला पुणेच उरले नाही.

पुण्याहून हैदराबाद, हैदराबादहून दिल्ली

२०१९ च्या ऑगस्टमध्ये बातमी आली. आर्थिक अडचणींमुळे पुण्याचा संघ बंद, त्याच्या जागी हैदराबादचा नवा संघ. कागदोपत्री एक विसर्जित झाला आणि दुसरा स्थापन झाला. प्रत्यक्षात प्रशिक्षक फिल ब्राउन तेच, कितीतरी खेळाडू तेच, लीगमधली जागा तर तीच. त्याच वर्षी दिल्लीचा संघही उठून भुवनेश्वरला गेला आणि ओडिशाचा झाला. बिऱ्हाड बदलावे तसे संघ गाव बदलत होते.

योगायोग पाहा, त्याच वर्षी भाच्याला हैदराबादेत नोकरी लागली, गचिबोवलीला. संघाचे मैदानही गचिबोवलीलाच. “मामा, टीम माझ्या मागं मागं आली,” असे तो फोनवर म्हणाला आणि पिवळी जर्सी घेतली. आणि खरे सांगायचे तर आपल्याकडे अनेकांना हे स्थलांतर मुळीच परके वाटले नाही. नांदेड-लातूरकरांना हैदराबाद केव्हा परके होते? मोठे दुखणे निघाले, लग्नाचा बस्ता बांधायचा ठरला, पोराला नोकरी शोधायची झाली की आपली पावले आजही तिकडे वळतात. मुंबईच्या निम्म्या अंतरावर ते आहे.

जुन्या माणसांना आणखी एक धागा आठवेल. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक हैदराबाद सिटी पोलीस संघाने जिंकला. त्या वेळी मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता. लातूर तर उस्मानाबाद जिल्ह्यातला एक तालुका होता. म्हणजे मुंबईच्या कूपरेजवर जिंकणारा तो संघ, म्हटले तर, आपल्याच राज्याचा. त्याला घडवणारे सय्यद अब्दुल रहीम हे पेशाने शिक्षक. पुढे त्यांच्याच मार्गदर्शनाखाली भारताने १९५१ आणि १९६२ ची आशियाई सुवर्णपदके जिंकली, १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक मिळवला. त्या हैदराबादला तब्बल अर्धशतकानंतर मोठा संघ मिळाला होता, तोही पुण्याच्या राखेतून.

आणि त्या संघाने सोने केले! पहिल्या हंगामात तळाला, दुसऱ्यात पाचवा, आणि तिसऱ्यात, मानोलो मार्केझ या स्पॅनिश प्रशिक्षकाच्या हाताखाली, थेट विजेता. २० मार्च २०२२, पुन्हा रविवारच. मडगावच्या फातोर्डा मैदानावर केरळविरुद्ध अंतिम सामना. केरळ एका गोलने पुढे होते आणि वेळ संपत आली होती. अशात ८८ व्या मिनिटाला साहिल तावोराने दुरून सणसणीत फटका मारून बरोबरी साधली. हा मुलगा गोव्याचा. मग पेनल्ट्यांमध्ये गोव्याच्याच लक्ष्मीकांत कट्टीमनीने तीन फटके अडवले आणि हैदराबाद ३-१ ने जिंकले. त्या विजेत्या चमूत कोल्हापूरचा अनिकेत जाधवही होता, २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला. पुण्याला जे चार वर्षांपूर्वी हुकले, ते हैदराबादेत फळाला आले.

पण सुखाचे दिवस थोडे. दुसऱ्याच वर्षी पैशाची चणचण सुरू झाली. २०२३-२४ च्या हंगामात खेळाडूंचे पगार थकले, नवे खेळाडू घेण्यावर बंदी आली, परदेशी खेळाडू एकेक करून निघून गेले. दोन वर्षांपूर्वीचा विजेता संपूर्ण हंगामात एकच सामना जिंकून तळाला गेला. २०२४ मध्ये मालक बदलले आणि २०२५ च्या ऑक्टोबरात संघ दिल्लीला हलला. आता त्याचे नाव स्पोर्टिंग क्लब दिल्ली. सहा वर्षांत तीन शहरे झाली. भाच्याने तिसरी जर्सी घेतली नाही.

“मामा, आपलं काय चुकलं हो?” असे त्याने मला विचारले होते. “तिकीट काढलं, थंडी-पावसात गेलो, हरल्यावर शिव्या दिल्या नाहीत. मग आम्हाला कुणी विचारलं का नाही?” मला उत्तर सुचले नाही. हा लेख म्हणजे ते उत्तर शोधण्याची खटपट आहे.

मालकाचीही एक बाजू

मालकाला खलनायक ठरवणे सोपे आहे. पण न्यायाने बोलायचे तर त्याचीही एक बाजू आहे. व्यावसायिक संघ पोसणे म्हणजे हत्ती पोसणे. खेळाडूंचे मानधन, प्रवास, मैदानाचे भाडे, लीगचे शुल्क, कनिष्ठ संघ. तिकिटविक्रीतून यातले फारसे काही निघत नाही. बालेवाडी दर सामन्याला खच्चून भरत होती, असेही नाही. वर्षानुवर्षे तोटा सोसून कुणी आपल्या करमणुकीसाठी संघ चालवावा, ही अपेक्षा धरणारे आपण कोण?

पुण्याचाच इतिहास पाहा. पिरामल समूहाचा पुणे एफसी २००७ मध्ये सुरू झाला, २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये दुसरा आला आणि २०१५ मध्ये त्याचा कारभार आवरला. कल्याणी समूहाचा भारत एफसी तर एकच हंगाम टिकला. डीएसके शिवाजियन्स २०१७ नंतर दिसेनासा झाला. मग २०१९ मध्ये पुणे सिटी. चार वर्षांत एका शहराने चार संघ गमावले. त्याआधी २०१० मध्ये मुंबईच्या महिंद्र युनायटेडने दार लावून घेतले होते, तो तर राष्ट्रीय लीगचा माजी विजेता. या सगळ्या उद्योगसमूहांची नियत वाईट होती असे म्हणता येणार नाही. दोष रचनेत आहे. एका घराच्या ताळेबंदावर अख्ख्या शहराची आशा टांगलेली असते.

आणि ज्यांच्याकडे पैसा मुबलक आहे त्यांचे काय? मुंबई सिटीत मँचेस्टर सिटीच्या मालक समूहाने २०१९ मध्ये ६५ टक्के हिस्सा घेतला. त्यानंतर संघाने लीग चषक दोनदा जिंकला, २०२१ आणि २०२४ मध्ये. २०२२ मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये इराकच्या संघाला हरवून, त्या स्पर्धेत सामना जिंकणारा पहिला भारतीय संघ होण्याचा मान मिळवला. मार्च २०२५ मध्ये मात्र सहाव्या क्रमांकावरून कसाबसा प्लेऑफमध्ये शिरलेला हाच संघ बंगळुरूकडून पाच गोलांनी हरला. हार-जीत चालायचीच. धक्का पुढे होता. फुटबॉल महासंघाने २०१० मध्ये १५ वर्षांसाठी ७०० कोटी रुपयांना केलेला व्यापारी हक्कांचा करार संपत आला, नवा झाला नाही, आणि २०२५ चा हंगाम ठरल्या वेळी सुरूच होऊ शकला नाही. वर्ष सरता सरता त्या परदेशी समूहाने मुंबईतून अंग काढून घेतले. श्रीमंत मालक असला म्हणजे संघ सुरक्षित, हा भ्रमही त्याबरोबर गेला.

माळेगावचा बाजार आणि मैदान

आपल्याकडे माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत जनावरांचा मोठा बाजार भरतो. घोडा विकला की नव्या धन्याच्या मागे जातो, त्यात गैर काही नाही. पण त्याच यात्रेत कुस्त्यांचा फडही रंगतो आणि पैलवानाच्या नावाआधी त्याच्या गावाचे नाव पुकारले जाते. लातूरच्या मातीतले रुस्तुम-ए-हिंद हरिश्चंद्र बिराजदार यांनी पुढे पुण्यात पिढ्या घडवल्या, पण ते लातूरचे ते लातूरचेच राहिले. गावाचे नाव विकत घेता येत नाही, हे आपल्या लोकांना उपजत कळते.

कोल्हापूरकरांनी फुटबॉलमध्ये हेच केले आहे. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही तिथल्या संघांची नावे. नावे तालमींची आहेत आणि संघ पेठांचे. शाहू स्टेडियमवर सामना असला की अर्धी पेठ उठून जाते. तिथे भांडणे होतात, हुल्लडही होते, त्याचे कौतुक करायचे कारण नाही. पैसाही बेताचा. पण पाटाकडील तालमीचा संघ कुणी उचलून हैदराबादला नेईल काय? कल्पनाच हास्यास्पद वाटते. तो संघ कुणाच्या मालकीचा नाही म्हणून तो सगळ्यांचा आहे.

हे लहान प्रमाणावरच जमते, असे कुणी म्हणेल. त्याला अमेरिकेतले उदाहरण द्यावेसे वाटते. तिथला फुटबॉल वेगळा, शिरस्त्राण घालून मुख्यत्वे हाताने खेळायचा. संघ हलवण्याची वाईट खोड त्यांचीच. १९८४ च्या मार्चमध्ये बाल्टिमोर शहराचा संघ मालकाने एका रात्रीत सामानाच्या ट्रकांत घालून इंडियानापोलिसला नेला. सकाळी चाहते उठले तो घर रिकामे. पण त्याच लीगमध्ये ग्रीन बे नावाच्या गावाचा संघ १९२१ पासून जागचा हललेला नाही. गावची लोकवस्ती लाखभर. २०११ च्या जनगणनेत आपले नांदेड साडेपाच लाखांचे होते आणि लातूर पावणेचार लाखांहून मोठे, यावरून अंदाज यावा. न्यूयॉर्क-शिकागोच्या धनाढ्य संघांना टक्कर देत या गावाने तेरा अजिंक्यपदे मिळवली. यामागचे गुपित काय? संघ भागधारकांचा आहे. १९२३ पासून वेळोवेळी लोकांना शेअर विकून पैसा उभा केला, आज पाच लाखांवर भागधारक आहेत. शेअरवर लाभांश मिळत नाही, तो नफ्याने विकता येत नाही, आणि एका माणसाने किती घ्यावेत यावर मर्यादा आहे. मिळते ते एवढेच, की संघ आपला आहे असे छातीवर हात ठेवून म्हणता येते.

इंग्लंडमध्ये विम्बल्डनचा संघ मिल्टन कीन्सला हलवायला २००२ मध्ये परवानगी मिळाली, तेव्हा चाहत्यांनी रडत बसण्याऐवजी स्वतःचा संघ काढला. सार्वजनिक मैदानावर खेळाडूंची निवडचाचणी घेतली, अगदी खालच्या पायरीपासून सुरुवात केली आणि नऊ वर्षांत व्यावसायिक लीग गाठली. २०२० मध्ये तो संघ आपल्या जुन्या रस्त्यावरच्या नव्या मैदानात परतला.

सहकार आपल्याला कुणी शिकवायचा?

शेअर घेऊन संस्था उभी करायची ही कल्पना मराठी माणसाला परदेशातून आणायची गरज नाही. ऊस पिकवणाऱ्या शेतकऱ्याने भाग घेऊन कारखाना उभारला, ही तर आपली ओळख. लातूरचा मांजरा कारखाना त्याच वाटेने उभा राहिला. याच सहकारात किती कारखाने पोखरले गेले, किती अवसायनात निघाले आणि मग किरकोळीत विकले गेले, हेही मराठवाड्याने उघड्या डोळ्यांनी पाहिले आहे. तेव्हा सहकार म्हटला की सगळे आलबेल, असे मी म्हणणार नाही. पण सहकारात निदान सभासदाला वार्षिक सभेत उभे राहून हिशेब विचारता येतो. माझ्या भाच्याला ती सोयही नव्हती.

म्हणून मागणे फार मोठे नाही. संघाचे नाव, बोधचिन्ह आणि रंग हे शहराच्या एका विश्वस्त संस्थेकडे असावेत. मालक बदलले तरी ते शहरातच राहावेत. संघ हलवायचा तर एक हंगाम आधी जाहीर सूचना द्यावी आणि त्या काळात स्थानिकांना, महापालिकेला, विद्यापीठाला किंवा चाहत्यांच्या संस्थेला तो चालवण्याची पहिली संधी मिळावी. हंगाम सुरू होण्याआधी खेळाडूंच्या वर्षभराच्या पगाराइतकी रक्कम अनामत ठेवून घ्यावी. आणि दहा टक्के का होईना, भाग सामान्य चाहत्यांसाठी राखून ठेवावा. लीगची घडी नव्याने बसवण्याची वेळ आलेलीच आहे, तर हे नियम आत्ताच का करू नयेत?

आणि आपण? नांदेडात गुरू गोबिंदसिंघजींच्या नावाने अखिल भारतीय हॉकी स्पर्धा कितीतरी वर्षे भरते आहे, देशभरातले नामवंत संघ येतात. तिला कुणी मोठा मालक नाही, गाव तिला आपली मानते एवढेच. तेव्हा आपल्या गावात हे होत नाही, असे म्हणायला जागा नाही. शाळेचे मैदान वाचवणे, तालुक्याची स्पर्धा दरसाल न चुकता भरवणे, तिथल्या पोरांची नावे लक्षात ठेवणे, इथून सुरुवात होते. मोठ्या लीगची वाट त्यानंतरची आहे.

गेल्या महिन्यात नांदेडला गेलो होतो. संध्याकाळी भाचा कॉलनीतल्या दहा-बारा पोरांना घेऊन मोकळ्या प्लॉटवर फुटबॉल खेळत होता. सुट्टीला आला की खेळतो म्हणे. गोलपोस्ट म्हणून विटा मांडल्या होत्या. एका टोकाला विटांवर नारिंगी जर्सी, दुसऱ्या टोकाला पिवळी, लांबून दिसावी म्हणून. मेव्हणे कट्ट्यावर बसून मोठ्याने ‘ऑफसाइड’ ओरडत होते आणि कुणीच त्यांचे ऐकत नव्हते.

बहिणीने माझ्याकडे पाहिले. जर्सी बोहारणीला द्यायचा विषय तिने पुन्हा काढला नाही.